चौतीस टॅब, एक बोट

शाळेत टॅब येऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत एकाही मुलाने एकही टॅब फोडला नव्हता. याचं सगळं श्रेय मुख्याध्यापिकाबाईंना होतं. टॅब आले त्याच दिवशी त्यांनी ते लोखंडी कपाटात ठेवले, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, डोकेदुखीच्या गोळ्यांशेजारी ठेवून दिली.

बाई काही दुष्ट नव्हत्या. मुलांनी शिकावं असं त्यांना मनापासून वाटायचं. पण टॅबच्या खोक्यांबरोबर एक फॉर्म आला होता आणि त्यावर बाईंची सही घेतली गेली होती. टॅब फुटल्यास, हरवल्यास, भिजल्यास किंवा अन्य कोणत्याही प्रकारे निकामी झाल्यास जबाबदारी मुख्याध्यापकांची, असं त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. ज्या वर्गासाठी टॅब आले त्यात चौतीस मुलं होती. प्रत्येक टॅब एकेका मुलाच्या नावावर होता आणि मूल दहावी होईपर्यंत तो त्याचाच राहणार होता. त्यातल्याच एकाने कचरापेटी उलटी करून, तिच्यावर चढून, फळ्याच्या वरच्या चौकटीवर आपलं नाव कोरलं होतं. अशांच्या हातात काचेची वस्तू द्यायची, हे बाईंच्या मनाला काही केल्या पटेना.

"वापरलेच नाहीत, तर फुटतील कसे?" बाई म्हणायच्या. यात खोट काढणं कोणालाही जमलं नव्हतं.

मुलं सातवीत गेली आणि वरून पत्र आलं. प्रत्येक टॅब रोज किमान दोन तास वापरला गेलाच पाहिजे. कोणत्या शाळेत किती वापर होतो, मुलांना किती गुण पडतात, हे मुख्य कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर लगेचच्या लगेच दिसणार होतं. चांगल्या शाळा हिरव्या, बऱ्या शाळा पिवळ्या, बाकीच्या लाल. लाल शाळेच्या मुख्याध्यापकांनी खुलासा घेऊन समक्ष यायचं. तीन दिवस सलग बंद राहिलेला टॅब मात्र हरवला असं समजण्यात येईल.

बाईंनी आधी एक गोळी घेतली आणि मग गणिताच्या सरांना बोलावलं. सरांनी पूर्वी एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या फोनचा बंद पडलेला आवाज सुरू करून दिला होता. तेव्हापासून शाळेतल्या वीज लागणाऱ्या सगळ्या वस्तू त्यांच्या गळ्यात पडल्या होत्या.

"सोपं आहे, बाई," सर म्हणाले. "ग्रंथालयाच्या खोलीत सगळे मांडून ठेवू. सकाळी चालू करायचे, संध्याकाळी बंद. वापरच वापर."

ग्रंथालयाच्या दोन लांब बाकांवर हजेरी क्रमांकाप्रमाणे चौतीस टॅब मांडले गेले, चालू झाले आणि अर्ध्या तासात सगळेच्या सगळे झोपी गेले. बोट लागलं नाही की ते झोपायचे. जागं ठेवायचं तर 'पुढे' हे बटण दाबत राहायला हवं होतं. शिवाय प्रत्येक धड्याच्या शेवटी दहा प्रश्न होते. त्यातले चार तरी बरोबर आले नाहीत, तर टॅब विद्यार्थ्याला पुन्हा धड्याच्या सुरुवातीला नेऊन उभा करायचा.

"मग हे कोण करणार?" बाईंनी विचारलं.

"मुलं?" सर दबकत म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की सरांनी तो शब्द गिळून टाकला. शिक्षकांना सांगण्यात अर्थ नव्हता. टॅब कसे वापरले याची माहिती रोज सात तक्त्यांत भरायची होती आणि ती भरण्यातच शिक्षकांचा वेळ संपत होता.

राहता राहिल्या मावशी.

मावशी शाळेच्या शिपाई. सत्तावीस वर्षं त्या दर चाळीस मिनिटांनी घंटा देत होत्या, वर्गावर्गांतून नोटिशीची वही फिरवत होत्या, खडू मोजून देत होत्या आणि पडलेल्या मुलांच्या गुडघ्यांना औषध लावत होत्या. त्या स्वतः चौथीपर्यंत शिकल्या होत्या. वाचता यायचं, पण अक्षराला अक्षर लावत.

"मावशी, दोन घंटांच्या मध्ये तुम्ही काय करता?" बाईंनी विचारलं.

"पुढच्या घंटेची वाट बघते."

"मग बसल्या बसल्या एवढं करा. हे निळं बटण दाबत राहायचं. प्रश्न आला की चारांपैकी कुठलंही एक उत्तर दाबायचं. काही अवघड नाही."

पहिले काही दिवस मावशींनी सांगितल्याप्रमाणे कुठलंही दाबलं आणि त्यांच्या नाकी नऊ आले. पचनसंस्थेचा पहिलाच धडा. एक नंबरच्या टॅबवर त्या धड्याच्या शेवटाला पोचायच्या, दहापैकी दोन बरोबर यायचे आणि टॅब त्यांना परत तोंडापाशी आणून सोडायचा. अकराव्यांदा अन्ननलिकेतून खाली उतरताना त्यांनी कपाळावर हात मारला. अजून तेहतीस टॅब शिल्लक होते. या हिशेबाने आपण जन्मभर पोटातच फिरणार, हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा केवळ कटकट वाचावी म्हणून बाराव्या वेळी त्यांनी टॅबमधला माणूस काय सांगतोय ते कान देऊन ऐकलं आणि खालच्या ओळी बोट ठेवून वाचल्या. दहापैकी नऊ आले.

मग काय, गाडी सुटली. एका टॅबवर धडा समजून घ्यायचा आणि कुंड्यांना पाणी घालत जावं तसं रांगेने पुढच्या तेहतीस ठिकाणी उत्तरं देत जायचं. चौतीस वेळा एकच धडा केल्यावर तो न येऊन सांगतो कोणाला! महिन्याभरात मावशींना बोट ठेवून वाचायची गरज राहिली नाही. तिसऱ्या महिन्यात त्या शाळा उघडायच्या आधी अर्धा तास यायला लागल्या. लहान भावंडांना सांभाळायला घरी बसवलं म्हणून त्यांची शाळा सुटली होती, पण इतक्या वर्षांत त्यांची स्वतःची अशी पक्की समजूत झाली होती, की आपल्याला डोकंच नव्हतं. आता ते डोकं चांगलं जागेवर आहे हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला होता. तो आनंद कुणाला सांगावा हे कळेना, म्हणून त्या नवऱ्याला सांगायच्या.

"अहो, पृथ्वी कललेली आहे, माहीत आहे का?" मावशींनी एका संध्याकाळी विचारलं. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तो चाकात हवा भरत होता.

"कोण म्हणतं?"

"साडेतेवीस अंशांनी."

नवऱ्याने पंप थांबवला आणि आपल्या बसायच्या स्टुलाकडे पाहिलं. "तरीच डुगडुगतं. आणि मी उगाच तीनदा त्याचे पाय तासले."

इकडे शाळा लालची पिवळी आणि पिवळीची हिरवी झाली. मुलांचे गुण मुख्य कार्यालयातून छापून यायचे आणि सर ते सूचनाफलकावर लावायचे. त्यात एक गंमत होती. खिडकीकडच्या बाकावर उजेड चांगला, वारा चांगला. तिथे मावशी निवांत बसून उत्तरं द्यायच्या. दाराकडच्या बाकाच्या शेवटच्या टॅबपर्यंत पोचेतो घंटेची वेळ व्हायची, मग तिथे उभ्या उभ्या घाईत कशीबशी चार उत्तरं बरोबर देऊन त्या पळायच्या. त्यामुळे मागच्या बाकावर पेंगणारा, वर्गात ज्याला सगळे झोपाळू म्हणायचे, तो विज्ञानात सत्याण्णव गुण मिळवून पहिला आला, कारण त्याचा टॅब खिडकीच्या अगदी मध्यावर होता. वर्गातली खरी हुशार मुलगी बेचाळीसवर अडकली. ती फलक बघून तडक बाईंच्या खोलीत आली.

"बाई, मी परीक्षेला बसलेच नाही. मग मी काठावर पास कशी झाले?"

"बसली नाहीस तरी पास झालीस ना?" बाई म्हणाल्या. "मग तक्रार कसली करतेस?"

झोपाळूच्या आईने तर शाळेत येऊन मावशींपाशीच डोळे पुसले. "घरी त्याला दूध आणायला सांगितलं तर वाटेत विसरतो हो. आणि विज्ञानात सत्याण्णव! तुमच्या शाळेत काहीतरी जादू आहे." मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुख्य कार्यालयालाही कोडं पडलं. एक ते सतरा हजेरी क्रमांकांच्या मुलांची प्रगती इतरांपेक्षा लक्षणीय का, याची कारणं कळवावीत, असं पत्र आलं. सरांनी बराच विचार करून 'अनुकूल वातावरण' एवढंच लिहून पाठवलं. ते खोटंही नव्हतं.

सत्र संपायला तीन महिने उरले असताना एक जाड लिफाफा आला. पूर्वी मावशी टपाल तसंच बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवायच्या. आता कागद दिसला की त्यांना वाचल्याशिवाय राहवत नव्हतं. लिफाफा उघडाच होता. शाळा सगळ्या विभागात पहिली आली होती. तिला 'नमुना डिजिटल शाळा' जाहीर करण्यात येत होतं आणि पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः येणार होते. मावशींची छाती फुगली. त्यांनी पान उलटलं. नमुना शाळेत घंटा आपोआप वाजेल, हजेरी आपोआप लागेल, सूचना आपोआप पोचतील. सबब शिपाई हे पद सत्राअखेर आपोआप रद्द समजावे.

मावशी जिन्यातच बसल्या. पेन्शनला अजून तीन वर्षं होती. ती पुरी झाली नाहीत तर सत्तावीस वर्षांच्या नोकरीचं काहीच हाती लागणार नव्हतं आणि नवऱ्याचे गुडघे आताशा सायकलच्या चाकापर्यंत वाकत नव्हते. हे सगळं आपण आपल्याच बोटाने करून ठेवलं, हे कळल्यावर त्यांना रडावं की हसावं ते समजेना.

"मी तुम्हाला जाऊ देणार नाही," बाई म्हणाल्या खऱ्या, पण म्हणताना त्यांनी पर्समधली गोळी शोधायला सुरुवात केली होती.

साहेब आले. बरोबर फोटो काढणारा आला. त्या दिवशी पहिल्यांदाच टॅब मुलांच्या हातात गेले. कुणी काचेत बघून भांग पाडला, कुणी टॅबचा वास घेतला, दोघांनी तो उलटा धरला. फोटो मात्र छान आले.

"विज्ञानात सत्याण्णववाला कोण?" साहेबांनी कौतुकाने विचारलं. शेजाऱ्याने कोपर मारून झोपाळूला उठवलं.

"बाळ, मला सांग, मिठाच्या पाण्यातून मीठ वेगळं कसं काढायचं?"

झोपाळू उभा राहिला. त्याने छताकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि शेवटी दाराशी पाण्याचे पेले घेऊन उभ्या असलेल्या मावशींकडे बोट दाखवलं.

"ते मावशींना विचारा, साहेब. माझा टॅब त्याच करतात."

बाईंची पाचावर धारण बसली. सरांना एकाएकी खिडकीबाहेरचं काहीतरी फार महत्त्वाचं वाटू लागलं. साहेबांनी फोटो काढणाऱ्याला चहा प्यायला पाठवलं, मुलांना मैदानावर सोडलं आणि मावशींना समोर बसवलं.

"खरं आहे हे?"

"हो, साहेब."

"चौतीसच्या चौतीस?"

"दाराकडचे जरा घाईत झालेत. त्या मुलीचं मला फार वाईट वाटतं."

साहेबांचा विश्वास बसेना. त्यांनी एक टॅब उचलला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. मिठाचं पाणी तापवावं, पाणी वाफ होऊन जातं, मीठ खाली राहतं. हृदयाचे कप्पे चार. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी. मावशी धडाधड सांगत होत्या. नववा प्रश्न आला, सूर्याची किरणं पृथ्वीवर पोचायला किती वेळ लागतो.

"साधारण आठ मिनिटं. पण तुम्ही आठ सेकंद दाबा."

"म्हणजे?"

"उत्तर आठ मिनिटंच आहे, धड्यातही तेच लिहिलंय. पण प्रश्नात कुणीतरी चुकून सेकंद बरोबर धरलेत. मी पहिल्यांदा मिनिटं दाबलं, तर फुली आली. मग चौतीस ठिकाणी डोळे मिटून सेकंद दाबले. ज्यांनी हा प्रश्न काढला त्यांना जरा सांगाल का, साहेब?"

साहेबांचा चेहरा पडला. हा प्रश्न काढणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते.

"साहेब," बाई हात जोडून म्हणाल्या, "चूक माझी आहे. तुम्ही खरं काय ते वर कळवा. आमची शाळा यादीतून काढा. यांची नोकरी तरी राहील."

"कळवू?" साहेब कसनुसं हसले. "बाई, माझा अहवाल वर गेला. माझ्या वरच्यांनी त्यावर भाषण केलं. त्यांच्या वरच्यांनी ते भाषण पुस्तिकेत छापलं. आता मी कुठल्या तोंडाने सांगू, की विभागात पहिला नंबर एका शिपाईबाईंचा आला? यादीतून नाव काढायचा अधिकार मला नाही. तो फक्त मुख्य कार्यालयातल्या यंत्राला आहे."

"यंत्र कधी काढतं?"

"शाळा सलग दोन महिने लाल राहिली तर. मग नमुना दर्जा जातो आणि रद्द झालेली पदं परत मिळतात. पण टॅब बंद ठेवून चालणार नाही हं. बंद पडले की हरवले, आणि हरवले की तुमचा तो फॉर्म." साहेब उठले. "वापर पुरा हवा आणि गुण कमी हवेत. मी आज काही पाहिलेलं नाही." जाताना दारात थांबून त्यांनी हळूच विचारलं, "ते सेकंदांचं नक्की ना?"

"नक्की," मावशी म्हणाल्या.

तोड सापडली होती. मावशींनी चुकायचं, एवढंच काम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आणि सर मुद्दाम ग्रंथालयात येऊन उभे राहिले. मावशी एक नंबरच्या टॅबसमोर बसल्या. प्रश्न आला, हृदयाला किती कप्पे असतात.

"तीन दाबा," सर म्हणाले.

मावशींचं बोट तीनपर्यंत गेलं आणि तिथेच अडलं. मग त्यांनी चटकन चार दाबलं.

"अहो मावशी!"

"मला नाही जमत, सर. येत असताना चुकीचं कसं दाबू?"

"नोकरीचा प्रश्न आहे!"

"ते कळतं हो मला. बोटाला कळत नाही."

मग सर स्वतः बसले. गणितात चुकणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी इतिहासाचा धडा घेतला आणि प्रत्येक प्रश्नाला जे उत्तर ठार चूक वाटेल ते दाबलं. दहापैकी सहा बरोबर आले. सरांनी टॅब खाली ठेवला आणि त्या विषयावर त्या दिवशी ते कुणाशीही बोलले नाहीत.

बाई डोकं धरून बसल्या. "आता मनापासून चुकणारी माणसं आणायची कुठून?"

बाहेर मधली सुट्टी झाली होती. व्हरांड्यातून आरडाओरडा ऐकू येत होता आणि कुणीतरी कुणाची तरी चप्पल छपरावर फेकली होती. मावशी खिडकीपाशी गेल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "ही आहेत की चौतीस."

बाईंना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी पर्स छातीशी घट्ट धरली. त्यांच्या डोळ्यांसमोर तो फॉर्म आला, त्यावरची आपली सही आली, फळ्याच्या चौकटीवर कोरलेलं नाव आलं. मग त्यांनी मावशींकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांत या बाईने एकदाही उशिरा घंटा दिली नव्हती, आणि त्यांना नोकरीवर ठेवायला साऱ्या जगात हा एकच मार्ग उरला होता. बाईंनी पर्स उघडली आणि रिकाम्या कपाटाची अजून जपलेली किल्ली टेबलावर ठेवली.

"द्या मुलांना," त्या म्हणाल्या. "फुटले तर फुटले."

पहिल्याच दिवशी पाचव्या मिनिटाला एक टॅब बाकावरून खाली पडला. बाईंनी डोळे मिटून घेतले. उघडून पाहतात तो, टॅब जमिनीवरून चेंडूसारखा उडून एका मुलीच्या पायापाशी जाऊन पडला होता आणि आतला माणूस पचनसंस्थेबद्दल बोलतच होता. सगळ्या टॅबना जाड रबरी कव्हर होतं. दोन वर्षं कपाटात राहिल्यामुळे ते कव्हर कशासाठी असतं हे कुणाला समजलंच नव्हतं.

आणि मुलांनी अपेक्षाभंग केला नाही. एकाने हृदयाला बारा कप्पे दिले. एकीने त्रिकोणाला चौथा कोन काढला. झोपाळू पचनसंस्थेत सकाळी शिरला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. वर्गाची सरासरी अठ्ठ्याहत्तरवरून पंचवीसवर आली आणि मुख्य कार्यालयातल्या पडद्यावर शाळा भडक लाल झाली. यंत्राने तर तिसऱ्या दिवशी तातडीचा इशारा पाठवला, की सदर टॅब मूळ विद्यार्थ्यांऐवजी भलतेच कोणीतरी वापरत असल्याचा दाट संशय आहे, तरी शाळेने चौकशी करावी. सरांनी चौकशी केली आणि तसं काही आढळलं नाही असं कळवून टाकलं.

दोन महिन्यांनी यंत्राने आपण होऊन नमुना दर्जा काढून घेतला आणि सत्र संपायच्या चार दिवस आधी पत्र आलं. शाळेची प्रगती समाधानकारक नसल्याने शिपाई हे पद पुढील आदेशापर्यंत कायम ठेवण्यात येत आहे. मावशींनी ते पत्र तीनदा वाचलं, घडी करून पिशवीत ठेवलं आणि नवऱ्याला दाखवलं. "प्रगती समाधानकारक नाही," नवऱ्याने मोठ्याने वाचलं आणि इतका खूश झाला, की आलेल्या गिऱ्हाईकाच्या दोन्ही चाकांत फुकट हवा भरून दिली.

टॅब मात्र परत कपाटात गेले नाहीत. ते न्यायला गेलेल्या सरांना हुशार मुलीने दारातच अडवलं होतं. आठवीच्या वर्गात मुलं रोज दोन तास टॅब घेऊन बसायची आणि मावशी दोन घंटांच्या मध्ये त्यांच्यात फिरायच्या. कुणी अडलं की हाक मारायचं. त्या उत्तर सांगत नव्हत्या, फक्त "परत वाच" म्हणायच्या.

एका दुपारी सर कागद घेऊन घाईघाईने आले. त्यांनी मावशींना व्हरांड्यात बोलावलं. बाईही मागोमाग आल्या होत्या.

"मावशी, एक घोटाळा झालाय," सर दबक्या आवाजात म्हणाले. "मुलांना येऊ लागलंय. सरासरी पंचवीसवरून साडेसत्तावीसवर आली. दोन महिन्यांत अडीच टक्के. हे असंच वाढत राहिलं तर पुढेमागे शाळा परत हिरवी होईल आणि पुन्हा तुमचं पद जाईल."

बाईंचा हात पर्सकडे गेला.

"पण घाबरू नका," सर म्हणाले. "मी गणित मांडलंय. हिरवं व्हायला पंच्याहत्तर लागतात. महिन्याला सव्वा टक्का धरला, तर अडतीस महिने. तुमची पेन्शन तीस महिन्यांवर आली. म्हणजे शाळा हिरवी होईल तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन आठ महिने झालेले असतील!"

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. सर कौतुकाची वाट बघत उभे राहिले. मावशींच्या कपाळाला मात्र आठी पडली होती.

"अडतीस महिने?" त्या म्हणाल्या. "तीन वर्षांच्या वर?"

"हो. अगदी निर्धास्त राहा."

"सर, तुम्ही रोज या पोरांना शिकवता आणि तरी असं बोलता? काय ठोंबे आहेत का ती? अहो, सुरुवातीला सगळ्यांनाच वेळ लागतो. मी अकरा वेळा पोटात फिरले होते. ही दोन वर्षांत करून दाखवतील. त्याच्या आतच."

"मावशी, हळू बोला!" सरांनी आजूबाजूला पाहिलं. "दोन वर्षांत केलं तर तुमचं काय होईल, कळतंय का?"

मावशींना कळत होतं. आपण काय बोललो हे आत्ता कुठे त्यांच्या ध्यानात आलं होतं. तेवढ्यात वर्गातून आरोळी आली. झोपाळू बाकावर चढून टॅब डोक्यावर नाचवत होता.

"मावशी! मावशी, इकडे या! दहापैकी सात आले! मी एकट्याने केलं!"

मावशींनी सरांच्या हातातला कागद नीट घडी करून त्यांच्याच खिशात घातला आणि त्या आत गेल्या.

"सात आले? मग तीन कुठे राहिले?" असं म्हणत त्या त्याच्या बाकावर सरकून बसल्या.